जुलैचं पान

गेली सोळा वर्षं मी रत्नागिरीतल्या एका खाजगी इस्पितळात एक्स-रे काढते. हलू नका, श्वास रोखा, सोडा. दिवसभरात एवढंच बोलायचं. माणसाचं तोंड माझ्या कामात लागत नाही. मला त्याचा मणका लागतो, छाती लागते, मोडलेलं मनगट लागतं. पण करड्या रंगाच्या किती छटा असतात ते मला या कामाने शिकवलं. साधा करडा कुठला आणि रोगाचा करडा कुठला हे मी डॉक्टरांच्या आधी ओळखते. बोलून दाखवत नाही, कारण तो माझा अधिकार नाही.

आमचे डॉक्टर शहरातल्या एका फोटोग्राफी मंडळात जायचे. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचा हात स्थिर आहे. रविवारी या आमच्याबरोबर. हवापालट होईल."

मंडळ चालवणारे सर मला शाळेत चित्रकला शिकवायला होते. तेव्हा ते काळ्या केसांचे होते आणि माझ्या वहीतलं माडाचं झाड बघून म्हणाले होते, "माड असा सरळ असतो होय गं? वारा बघितला नाहीस कधी?" आता सत्तरीला आलेले, निवृत्त, आंब्याची थोडी बाग, आणि मुंबईहून मागवलेला भारी कॅमेरा. त्यांनी मला ओळखलं. मला बरं वाटलं.

सरांचं एकच म्हणणं होतं. ऊन पडलं की कॅमेरा कपाटात ठेवायचा. निळं आकाश, पांढरी वाळू, मावळता सूर्य असले फोटो त्यांना बघवायचे नाहीत. मंडळाचं काम जूनमध्ये सुरू व्हायचं आणि सप्टेंबरअखेर थांबायचं. वादळाचा इशारा आला, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं, की आमची गाडी निघालीच. लोक घराचे दरवाजे लावून घेत असायचे आणि आम्ही उलट्या दिशेला चाललेले असायचो.

मंडळात दहा पुरुष होते आणि मी. माझ्याकडे कॅमेरा नव्हता. त्यामुळे पहिल्याच रविवारी सरांनी माझ्या हातातली छत्री बघितली आणि म्हणाले, "ही इथे धर. कॅमेऱ्यावर. माझ्यावर नको." मी धरली. पुढची चार वर्षं धरली.

छत्री धरणं हे सोपं काम नाही. वारा फिरला की छत्री आधी फिरवावी लागते, नाहीतर थेंब लेन्सवर येतो आणि सर ओरडतात. छत्रीचा काठ चौकटीत येता कामा नये. तिच्या कडेवरून ओघळणारं पाणी कॅमेऱ्याच्या तिवईवर पडता कामा नये. हात दुखला तरी बदलायचा नाही. मी माझ्या मापापेक्षा मोठी, काळी, लाकडी दांड्याची छत्री घेतली. बाजारात दुकानदार म्हणाला, "घरात एवढी मोठी कोणाला?" मी म्हटलं, "कॅमेऱ्याला."

सरांनी मला शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. गाडीतल्या थंड हवेतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काच धुरकटते, म्हणून तो आधीच बाहेर काढून ठेवायचा. हॉटेलात अंघोळीच्या वेळी डोक्याला घालायला देतात ती प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्याला बरोबर बसते. लेन्स पुसायला जुना धुतलेला पंचा सगळ्यात चांगला. कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून कपाटात विजेचा छोटा दिवा चालू ठेवायचा. शटर किती मंद केला की पावसाचे थेंब रेघा होतात, आणि त्याहून मंद केला की पाऊस दिसतच नाही, नुसतं धुकं राहतं. मी हे सगळं छत्रीखालून ऐकत होते आणि रात्री घरी जाऊन आईला सांगत होते. आई म्हणायची, "एवढं येतंय तर तू का काढत नाहीस?"

मी म्हणायची, "काढीन."

एका वर्षी चिपळूणला पूर आला. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी सर म्हणाले, "चला." बाजारपेठेत लोक दुकानांतला चिखल घमेल्यांनी बाहेर काढत होते. गाद्या, वह्या, साड्यांचे गठ्ठे, देवघरं, सगळं रस्त्यावर एकाच रंगाचं. सर एका दुकानाच्या भिंतीसमोर बसले. पाण्याची रेघ भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर होती. "पोत बघ," ते मला म्हणाले. "चिखलाचा पोत बघ, हत्तीच्या कातडीसारखा." आतून एक बाई बादली घेऊन आली आणि तिने ते पाणी आमच्या पायांवर ओतलं. चुकून ओतलं असं सर नंतर सांगायचे. मी तिचे डोळे बघितले होते. तरी त्या दिवशी मी छत्री मिटली नाही, आणि पुढच्या रविवारीही गेले. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाहीये.

त्यानंतरच्या वर्षी जुलैत आम्ही वेळणेश्वरला गेलो. सर, डॉक्टर आणि मी, तिघंच. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली तेव्हा खाडीचं पाणी मातकट झालेलं होतं आणि पलीकडचा किनारा दिसत नव्हता. फेरीवरचा माणूस डॉक्टरांना म्हणाला, "संध्याकाळची फेरी सुटंल याची खात्री नाय हां." सर खूश झाले. असली हवा त्यांना हवी होती.

वेळणेश्वरला पोचलो तर समुद्र पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेला. मासेमारी बंद असल्याने होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या, ओंडक्यांचा टेकू देऊन, वर निळं प्लास्टिक बांधून. डॉक्टर देवळात दर्शनाला गेले. सरांनी तिवई लावली, कॅमेरा समुद्राकडे केला, उजवीकडे देवळाचं शिखर घेतलं. मी छत्री धरली. अर्धा तास नुसता करडा पडदा. लाट कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं काही कळत नव्हतं. सरांचा चष्मा सारखा भरत होता.

"मला काही दिसत नाही," ते वैतागून म्हणाले. "मी गाडीत चष्मा पुसून येतो. तू हलू नकोस."

ते गेले. गाडीच्या काचा वर झाल्या. आत दिवा लागला आणि ते थर्मासमधून चहा ओतून घेताना मला दिसले. मग कोणाचा तरी फोन आला असावा, कारण कानाला हात गेला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली.

आणि पश्चिमेला ढगाखालून उजेडाची एक पट्टी उघडली. समुद्रावर काहीच झालं नाही, तो होता तसाच राहिला. उजेड आडवा आला आणि माझ्या डावीकडे होड्यांवर पडला. मी मान वळवली. सगळ्यात कडेच्या होडीखाली एक म्हातारी बसली होती. गुडघे मुडपून, डोक्यावर पदर घट्ट, डाव्या तळहातावर भाकरी. वरच्या प्लास्टिकवरून पाणी सरळ रेषेत तिच्यासमोर पडत होतं, आणि त्या उजेडाने तो पाण्याचा पडदा काचेसारखा झाला होता. ती काचेमागे बसून भाकरी खात होती. कुठेही बघत नव्हती.

मी छत्रीचा दांडा मान आणि खांद्यात धरला. तिवईची कळ सैल केली, कॅमेरा डावीकडे फिरवला. शटर मंद केला. माणूस हलला तर फोटो जाणार हे मला माहीत होतं, कारण तेच माझं रोजचं काम आहे. म्हणून मी थांबले. घास तोंडात गेला, हात खाली आला, आणि पुढचा तुकडा मोडण्याआधी ती क्षणभर तशीच बसून राहिली. मी दाबलं. पुन्हा एकदा तशी थांबली, पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी उजेड निघून गेला होता.

सर आले तेव्हा मी म्हटलं, "सर, मी तीन काढलेत. चालेल ना?"

त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरा आलाय दुसरा. होडी जरा तिरकी झालीये." आणि तिवई पुन्हा समुद्राकडे फिरवली.

येताना फेरी मिळाली. गाडीत मी मागे ओल्या कपड्यात बसले होते आणि इतक्या आनंदात होते की डॉक्टरांनी विचारलं, "काय मॅडम, दर्शन झालं का?"

ऑक्टोबरमध्ये कळलं की सरांना पुण्याच्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. फोटोचं नाव 'निवारा'. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर तो आला तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीत होते. बाहेर एक माणूस मोडलेला हात धरून उभा होता आणि मी त्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. तीच होडी, तोच पडदा, तीच म्हातारी. खाली सरांचं नाव. त्याच्याखाली अभिनंदन, अभिनंदन, हात जोडलेले, टाळ्या. शेवटी मीही लिहिलं, अभिनंदन सर. अजून तो शब्द आठवला की मला स्वतःची चीड येते.

मला वाटलं होतं, सत्काराच्या दिवशी ते सांगतील. सत्कार शहरातल्या एका सभागृहात झाला. मला पुष्पगुच्छ द्यायचं काम दिलं होतं, कारण मंडळात बाई मी एकटीच. सर बोलायला उभे राहिले. "दोन तास भिजत उभा होतो," ते म्हणाले. "बोटं बधिर झाली होती. पण मला माहीत होतं, उजेड येणार. वाईट हवेवर विश्वास ठेवावा लागतो." टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांनी छत्री धरली, त्यांचाही यात वाटा आहे." लोक हसले. मी मागे गुच्छांच्या टेबलाशी उभी होते.

आठ दिवस गिळून बसले आणि मग त्यांच्या घरी गेले. सर पडवीत बसून पेपर वाचत होते. सरांच्या पत्नींनी कोकम सरबत आणून दिलं आणि त्या आत गेल्या.

"सर," मी म्हटलं, "तो फोटो मी काढला होता."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. चिडले नाहीत. शाळेत चूक समजावून सांगताना जसे बोलायचे तसेच बोलले.

"अगं, फोटो कोणाचा असतो? बटण दाबणाऱ्याचा? कॅमेरा माझा. लेन्स माझी. तिथे तुला नेलं कोणी? अशा हवेत बाहेर पडायचं असतं हे तुला शिकवलं कोणी?"

"तुम्ही."

"मग?"

"पण तिवई मी फिरवली, सर. तुम्ही समुद्र घेतला होतात. शटर मी बदलला. तुम्ही गाडीत होतात."

"छत्री कोणाची होती?"

"माझी."

"मग छत्रीचं श्रेय दिलं ना मी? सगळ्यांसमोर दिलं."

मी सरबत संपवलं. का संपवलं कोण जाणे. उठताना ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझाही दिवस येईल."

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, मी देवळात होतो. मी काय बोलणार? आणि त्यांचं वय बघा. मिळू दे त्यांना." मग फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी मला एका बरगडीबद्दल विचारलं.

जानेवारीत एका पतसंस्थेने कॅलेंडर काढलं. बारा महिने, बारा फोटो, कोकणातले. जुलैच्या पानावर माझा फोटो होता. खाली लिहिलं होतं: 'डोक्यावर छप्पर नाही, तरी चेहऱ्यावर समाधान.' हे वाक्य सरांनी लिहिलं की पतसंस्थेतल्या कोणी, ते मला कधी कळलं नाही. डॉक्टरांनी एक प्रत आणून आमच्या प्रतीक्षागृहात लावली. खरं तर जानेवारी चालू होता, पण त्यांना जुलैचंच पान आवडलं म्हणून तेच वर केलं. रोज मी दार उघडून पुढच्या पेशंटचं नाव पुकारायची आणि समोर ती भाकरी खात असायची. पेशंट मान वर करून बघायचे. "गरिबी बघा," कोणीतरी म्हणायचं. "तरी सुखी आहेत बिचारे." मी म्हणायची, आत या, दागिने काढून ठेवा.

मंडळात जाणं मी सोडलं नव्हतं. पावसाळा संपलेला असल्याने जायचा प्रश्नच नव्हता एवढंच.

मार्चमध्ये पतसंस्थेत एक फोन आला. मुंबईहून. त्या म्हातारीचा मुलगा. तो एवढं बोलला की पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी घाबरून सरांना फोन केला, सरांनी डॉक्टरांना, आणि डॉक्टरांनी मला जेवणाच्या सुट्टीत आपल्या खोलीत बोलावलं. तिथे सर बसलेले होते. इस्पितळात मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"तो माणूस कोर्टात जाईन म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणतो, आमच्या आईला भिकारीण करून घराघरात टांगली. कोणाला विचारून फोटो काढला?"

सर खिडकीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले आणि अगदी सहज म्हणाले, "तो फोटो तसा तूच काढला होतास. नाही का?"

मी डॉक्टरांकडे बघितलं.

"मी गाडीत होतो त्या वेळी," सर डॉक्टरांना सांगू लागले. "चष्मा पुसायला गेलो होतो. हिने माझ्या मागे काढला. कॅमेरा माझा म्हणून माझ्या नावावर गेला. मी तर त्या बाईला बघितलंसुद्धा नव्हतं." एकेक गोष्ट बरोबर सांगितली. तिवई कुठे होती, ती कशी फिरवली, शटर कुणी बदलला. ऑक्टोबरपासून मला जे ऐकायचं होतं ते सगळं ते त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून बोलले.

डॉक्टर मला म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच जाऊन भेटून या ना त्यांना. बाईमाणसाने गेलेलं बरं. माफी मागा, मिटवा."

"बक्षीस?" मी विचारलं.

"बक्षिसाचा काय संबंध आता?" सर म्हणाले.

एप्रिलातल्या एका रविवारी मी गेले. एसटीने जयगड, फेरीने तवसाळ, तिथून रिक्षा. कडक ऊन होतं. समुद्र सपाट, निळा, पर्यटक फोटो काढत होते. मी फोटोची मोठी प्रत करून घेतली होती, पिशवीत होती. दुकानात विचारलं तर दुकानदार हसला. "कॅलेंडरवाली ना? ती काय, गुलाबी घर."

गुलाबी, दुमजली, वर पाण्याची टाकी, पुढे फरशीचं अंगण, त्यावर सुकट वाळत घातलेली. म्हातारी दाराशी बसून कोळंबी सोलत होती. फोटोतल्यापेक्षा लहान वाटली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून कोण, कुठली ते सांगितलं. तिने हात थांबवले नाहीत.

"मावशी, मी माफी मागायला आलेय."

"तुमी काढलाव तो," ती म्हणाली. "मी बघितलाय ना. तो म्हातारा गाडीत चा पीत व्हता. तुमी छत्री मानेत धरलीव आणि माज्याकडं फिरवलाव."

मी अंगणात तशीच उभी राहिले. सहा महिने मला एक साक्षीदार हवा होता, आणि ती इथे कोळंबी सोलत होती. मला एवढं भरून आलं की मी म्हटलं, "हो ना, मावशी? तुम्ही बघितलंत ना? मीच काढला ना?"

तिने पहिल्यांदा मान वर केली.

"म्हंजे तुमचीच चूक," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, न ओरडता. त्या दिवशी वाऱ्याने होडीचं प्लास्टिक सुटलं होतं म्हणून ती दोरी बांधायला गेली होती. पाऊस वाढला, म्हणून होडीखाली बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, भाकरी बरोबर नेली होती, खाल्ली. होडी तिची, घर तिचं. दोन मुलगे कमावते. नातीला बघायला चिपळूणची माणसं येणार होती, दुकानदार माणसं, चांगली. त्यांच्या दुकानात हेच कॅलेंडर. ही मुलीची आजी असं कोणीतरी सांगितलं, तशी नवऱ्यामुलाच्या आईने पान उलटून बघितलं आणि मध्यस्थाला विचारलं, यांना घर नाही काय? मध्यस्थाने सांगितलं, आहे हो, मोठं आहे. "मंग म्हणाले, घर आसून सासवेला होडीखाली बसवतात, तर तसल्या घरातली पोर नको." ती माणसं आलीच नाहीत.

"मी त्यांना जाऊन सांगू का?" मी विचारलं.

"काय सांगशाल? मी काढला म्हणून?"

नात चहा घेऊन आली. वीसेक वर्षांची, उंच, केस ओले. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी पिशवीतून प्रत काढली नाही. म्हातारीनेच विचारलं, "त्यात काय हाय?"

मी दाखवली. तिने हात पदराला पुसले, फोटो गुडघ्यांवर धरला. पाण्याचा तो पडदा, तो उजेड. मला वाटलं, आता ती एखादा शब्द बोलेल. एवढा चांगला फोटो मी आधी कधी काढला नव्हता आणि नंतरही काढला नाही.

"ब्लाऊज फाटकाय," ती म्हणाली. "खांद्यावर. दिसतंय बघा. पावसात कोण नवा घालतं?"

खरंच फाटका होता. मी त्या फोटोकडे शेकडो वेळा बघितलं होतं, उजेड बघितला होता, रेघा बघितल्या होत्या. ते भोक मला दिसलं नव्हतं.

फोटो तिने परत दिला नाही, आणि ठेवूनही घेतला नाही. सुपाच्या बाजूला पालथा ठेवला. मग म्हणाली, "फोन हाय ना तुमच्याकडं? थांबा." आत गेली. बऱ्याच वेळाने आली ती जरीच्या हिरव्या साडीत, गळ्यात बोरमाळ, पायात चपला. नातीला हाक मारली, ती आली नाही. मग एकटीच अंगणात, घर पूर्ण मागे येईल अशी उभी राहिली. "वरची टाकी आली पायजे," म्हणाली. "आणि दरवाजावरचं नाव."

भर दुपार. डोक्यावर सूर्य, तोंडावर काळ्या सावल्या, मागची गुलाबी भिंत डोळ्यांत जात होती. ती ताठ उभी, हात खाली, फोनकडे रोखून बघत होती. मी पाच फोटो काढले. मला म्हणाली, "ह्याचं कॅलेंडर करा."

ते मी पतसंस्थेला विचारलं. खरंच विचारलं, लेखी. कॅलेंडर परत घ्या, निदान त्या बाईचं घर आहे एवढं तरी कुठे छापा, असं लिहिलं. उत्तर आलं की वाटप पूर्ण झालेलं आहे, आपल्या भावनांचा आदर आहे. मुलगा कोर्टात गेला नाही. गावातल्या दोन मोठ्या माणसांनी समजूत काढली म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "बघा, मिटलं की नाही?" मी प्रतीक्षागृहातलं पान उलटून एप्रिलचं केलं. हापूस आंब्याची पेटी होती त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी पुन्हा जुलै लावलेला होता.

घराचे फोटो मी छापून तिला पाठवले. पोचले की नाही, कळलं नाही. नातीचं पुढे काय झालं तेही माहीत नाही.

मंडळ मी सोडलं. सोडते असं सांगितलं नाही, जूनमध्ये गेले नाही एवढंच. सरांचाही फोन आला नाही. 'निवारा' अजून त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे असं डॉक्टरांकडून कळतं. फोनचं प्रकरण विझलं आणि फोटो पुन्हा त्यांचा झाला. आता कोणी विचारलं तर पुन्हा दोन तास भिजल्याचं सांगत असतील. परवा बाजारात समोरून आले. मला बघून थांबले, म्हणाले, "काय गं, काढतेस की नाही हल्ली?" मी म्हटलं, "काढते."

काढते हे खरं आहे. मी जुना वापरलेला कॅमेरा घेतला. पावसात एकटी जाते. छत्री खांद्याला पट्ट्याने बांधायची एक युक्ती केली आहे, वारा जोराचा नसला तर चालते. आणि आता आधी विचारते.

गेल्या ऑगस्टमध्ये बुरोंडीला गेले होते. धो-धो पाऊस, किनाऱ्यावर एका झोपडीवजा शेडमध्ये एक माणूस जाळं विणत होता, दारातून येणारा उजेड त्याच्या हातांवर आणि पांढऱ्या दोऱ्यावर, बाकी सगळा अंधार. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, तुमचा फोटो काढू का?"

"कशाला?" तो म्हणाला.

मी त्याच्या हातांकडे बोट दाखवलं. त्याने जाळं खाली ठेवलं, उठला, खुंटीवरचा शर्ट घातला, केसांवरून हात फिरवला आणि दारात येऊन उजेडात सरळ उभा राहिला. "काढा," म्हणाला.

मी काढला. त्याला दाखवला. त्याला आवडला. मग मी थांब्यावर आले आणि एसटीची वाट बघत बसले. पाऊस चालूच होता.